एका आठवड्यात मफलर, टोपी आणि कादंबरी: विणता-विणता वाचण्याची रीत

दसऱ्याच्या सुट्टीत एक मफलर, एक टोपी आणि एक कादंबरी एवढे उरकायचे असा बेत अनेकजण करतात. आठवडा संपतो तेव्हा हाती उरतो तो वीतभर मफलर, पिशवीतच राहिलेली टोपीची लोकर आणि चाळिसाव्या पानावर पालथे घातलेले पुस्तक. याला आळस कारणीभूत नसतो. विणकाम आणि वाचन ही दोन्ही कामे एकाच वेळी डोळे मागतात, आणि कोणाला केव्हा डोळे द्यायचे हे आधी ठरवलेले नसते. विणकामाचे काही टप्पे नुसत्या बोटांना करता येतात, तर काही टप्प्यांत नजर हलवून चालत नाही; पुस्तकांचेही तसेच आहे. हे टप्पे वेगळे काढून त्यांचा क्रम लावणे, एवढेच या लेखात सांगितले आहे. सुलट आणि उलट टाका येतो असे येथे गृहीत धरले आहे. घरात आपण ‘एक सुई सुलट, एक सुई उलट’ म्हणतो. पण हत्यार आणि रांग यांत घोळ होऊ नये म्हणून खाली रांगेला सर्वत्र ‘ओळ’ म्हटले आहे.

१. आठवडा आणि कामे ठरवणे

कर्नाटकातल्या शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याला येते, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या नातेवाइकांची दिवाळीला. त्यामुळे सीमाभागातल्या घरात दसऱ्याच्या सुट्टीत बाहेरचे पाहुणे कमी असतात; मात्र नवरात्राची गडबड असते. म्हणून प्रत्यक्ष दसऱ्याचा दिवस धरू नये. सलग सात दिवस मिळत नसतील तर पाचच घ्यावेत आणि टोपी सोडून द्यावी.

दोन कामे घ्यावीत, त्याहून जास्त नाही. एक हातांचे आणि एक डोळ्यांचे. हातांचे काम म्हणजे प्रत्येक ओळ सुलटच असलेला मफलर: सुरुवातीला एकदा टाके घातले की शेवटपर्यंत त्यात काही बदलत नाही. डोळ्यांचे काम म्हणजे टोपी, कारण तिच्या काठाला दोन सुलट-दोन उलट मोजावे लागतात आणि माथ्यावर टाके घटवावे लागतात. दोन्ही कामे हातांची घेतली तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो, आणि दोन्ही डोळ्यांची घेतली तर पुस्तक उघडतच नाही.

सावधान: वेणीची वीण, जाळीची वीण किंवा दोन रंगांची नक्षी या आठवड्यात घेऊ नये. ‘मला पाठ आहे’ म्हणणाऱ्यांनी तर मुळीच घेऊ नये. पाठ असलेली वीणच बोलता-बोलता चुकते.

२. लोकर आणि सुया

बेळगावच्या खडे बाजारात किंवा निपाणीच्या पेठेत लोकर म्हणा, वुलन म्हणा की कन्नडमध्ये उण्णे म्हणा, दुकानदार पुढे ठेवतो ते बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकच असते. त्यात वाईट काही नाही, पण आपण काय घेतले आहे ते ठाऊक असले पाहिजे, कारण धुण्याची आणि इस्त्रीची रीत त्यावरच ठरते. शंका असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवून पाहावा. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे बोटांनी चुरगळेल अशी राख राहते. अ‍ॅक्रिलिक वितळते आणि त्याची काळी, कडक गोळी होते. हे काम मोरीत, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून करावे.

मध्यम जाडीची, म्हणजे दुकानात डबल निटिंग म्हणून मिळते ती लोकर घ्यावी. मफलरला १५० ग्रॅम आणि टोपीला १०० ग्रॅम पुरते. यात नमुन्याची लोकरही आली. सगळ्या गुंड्यांच्या कागदावरचा रंगाचा लॉट क्रमांक एकच आहे का, हे दुकानातच पाहावे. दोन वेगळ्या लॉटांतला फरक ट्यूबलाइटखाली दिसत नाही. तो दिसतो अंगणात, मफलर पूर्ण झाल्यावर. रंग फिकट किंवा मध्यम निवडावा. काळी आणि गडद निळी लोकर रात्री विणताना टाके दिसत नाहीत, आणि खानापूरकडे पावसात लाईट गेली की अजिबात दिसत नाहीत.

सुयांच्या नंबरात सर्वात जास्त गोंधळ होतो. आपल्याकडे अजून जुना नंबर चालतो आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाडीची असते, ९ नंबरची ३.७५ आणि १० नंबरची ३.२५. नव्या पाकिटांवर मात्र थेट मिलिमीटर छापलेले असतात. भाचीने बाहेरगावाहून आणलेल्या पाकिटावर ‘८’ आहे म्हणून ती सुई घेतली, तर ती जवळजवळ करंगळीएवढी जाड निघते. दोन्ही कामे एकाच आठवड्यात चालतात, म्हणून ८ नंबरचे दोन जोड (एक मफलरला, एक टोपीला), टोपीच्या काठासाठी १० नंबरचा एक जोड आणि टाके सैल बंद करण्यासाठी ७ नंबरची एक सुई लागेल. मफलर न पाहता विणायचा असल्याने त्यासाठी लाकडी किंवा बांबूची सुई मिळाली तर जरूर घ्यावी, कारण तिच्यावरून टाके सहज घसरत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या सुया घामट हाताने धरल्या की फिकट लोकरीला काळपट डाग पडतात. त्या आधी कोरड्या फडक्याने रगडून पुसाव्यात.

याशिवाय एक क्रोशाची सुई, एक बोथट टोकाची लोकर ओवण्याची सुई, चार सेफ्टी पिना, टेप आणि वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा एका डब्यात ठेवावा.

३. नमुना विणणे: हा टप्पा गाळू नये

आदल्या शनिवारी हे काम करावे. नमुना न विणता थेट मफलर सुरू करणे हीच बहुतेकांची पहिली चूक असते, आणि ती चौथ्या दिवशी लक्षात येते.

८ नंबरच्या सुईवर ३० टाके घालून ६० ओळी सुलट विणाव्यात. मध्यम हाताच्या व्यक्तीचा हा तुकडा साधारण १५ सेंटिमीटरचा चौरस होतो, म्हणजे १० सेंटिमीटरला २० टाके आणि ४० ओळी. तुकडा कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवून, न पिळता टॉवेलमध्ये दाबून, सपाट जागी वाळवावा आणि मगच मोजावा. अ‍ॅक्रिलिक धुतल्यावर सैल पडते आणि लांबते. कोरडा नमुना मोजून विणलेला मफलर पहिल्या धुण्यात गुडघ्यापर्यंत जातो.

मोजताना कडेचे टाके सोडून मधल्या भागावर टेप ठेवावा. १० सेंटिमीटरला २० ऐवजी २२ टाके भरत असतील, तर ३० टाक्यांचा मफलर १५ ऐवजी १३.६ सेंटिमीटर रुंदीचा होईल. अशा वेळी ३३ टाके घालावेत किंवा सुई बदलावी. सुई बदलायची तर जाड, म्हणजे लहान नंबरची घ्यावी. येथे हात नेमका उलट्या दिशेला जातो.

हाच तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवावा. समजा तो १५ ग्रॅम भरला. तुकड्याचे क्षेत्रफळ २२५ चौरस सेंटिमीटर आणि १५ बाय १३० सेंटिमीटरच्या मफलरचे १,९५०. भागाकार पावणेनऊच्या आसपास येतो, म्हणजे मफलरला सुमारे १३० ग्रॅम लागणार. १५० ग्रॅम पुरेल की नाही, याचे उत्तर दुकान उघडे असतानाच मिळते.

टोपीसाठी एक ओळ सुलट, एक ओळ उलट या विणीचा वेगळा नमुना करावा, कारण वीण बदलली की मापही बदलते. त्यात १० सेंटिमीटरला २२ टाके आणि ३० ओळी यायला हव्यात.

तपासणी: नमुना वाळल्यावर त्यावर बोट फिरवून टाके हाताला लागतात का पाहावे. लोकर फार केसाळ असेल तर टाके हाताला लागत नाहीत, आणि अशी लोकर न पाहता विणण्याच्या कामाची नाही.

४. वेळेचा हिशेब कागदावर मांडणे

घड्याळ लावून एका मिनिटात आपण किती टाके विणतो ते पाहावे, आणि हे पाच वेळा करून सरासरी घ्यावी. माझे मिनिटाला २५ होतात. मफलरचे टाके ३०, ओळी ५२०, गुणाकार १५,६००. भागिले २५ केले की ६२४ मिनिटे, म्हणजे जवळपास साडेदहा तास. टोपीला सुमारे साडेपाच हजार टाके लागतात, पण सुलट-उलट करताना हात मंदावतो, म्हणून चार तास धरावेत. शिवण, धाग्यांची टोके लपवणे आणि धुणे यांना दोन तास. एकूण साडेसोळा. ‘मफलर काय, दोन दिवसांचे काम’ असे म्हणणाऱ्यांनी ही बेरीज एकदा स्वतःच्या वेगाने करून पाहावी.

वाचनाचेही असेच. आधी सुया बाजूला ठेवून अर्धा तास वाचावे आणि पाने मोजावीत. नंतर विणत-विणत अर्धा तास वाचावे आणि पुन्हा मोजावीत. माझी नुसत्या वाचनात तासाला ३० पाने होतात आणि विणताना १८. मफलरच्या साडेदहा तासांपैकी सुरुवात, मोजणी आणि दुरुस्ती वगळता आठच तास पुस्तकाला मिळतात, म्हणजे १४४ पाने. रोज रात्री अर्धा तास नुसते वाचले तर सात दिवसांत आणखी १०५. म्हणून माझ्यासाठी या आठवड्याची कादंबरी अडीचशे पानांच्या आतली. आपला आकडा कमी आला तर पुस्तक लहान घ्यावे, वेग वाढवू नये.

५. पुस्तक निवडणे

पुस्तक चांगले आहे की वाईट, हा प्रश्न येथे नाही. ते सुयांबरोबर वाचता येते का, एवढेच पाहायचे आहे. संवाद जास्त, प्रकरणे आठ-दहा पानांची, पात्रे मोजकी आणि काळ सरळ पुढे जाणारा, अशी कादंबरी विणकामाशी जुळते. पंधरा पाने उभ्या-उभ्या वाचून पाहावीत. एखादे वाक्य समजण्यासाठी वर जावे लागले तर ते पुस्तक रात्रीसाठी ठेवावे.

आपल्या भागात हात सहज जातो तो जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांकडे, कारण ते एकसंब्यात जन्मलेले, म्हणजे घरचेच. पण त्यांची कथा दोन्ही हातांत पुस्तक धरून वाचायची असते. तेथे एक शब्द निसटला की पुढचे पान निरर्थक होते, आणि तो निसटू नये म्हणून धडपडताना टाका निसटतो. तसेच कन्नड कादंबरीकार भैरप्पांचे ‘पर्व’. मूळच्या बेळगावच्या उमा कुलकर्णी यांनी ते मराठीत आणले आहे आणि येथे कन्नड-मराठी दोन्ही वाचणाऱ्या घरांत ते असतेच. पण महाभारतातली एवढी माणसे आणि त्यांचे लांब स्वगत एकीकडे, आणि टाके मोजणे दुसरीकडे, हे जमत नाही. ही पुस्तके वाईट म्हणून नव्हे, तर मोठी म्हणून बाजूला ठेवायची.

रहस्यकथेबद्दल एक इशारा. मन ताणले गेले की लोकर बोटावर आवळली जाते. एका रहस्यकथेच्या शेवटच्या पन्नास पानांत विणलेला माझा मफलर तेवढ्याच पट्ट्यात अर्ध्या इंचाने अरुंद आहे; धुवून, ताणूनही तो भरून आलेला नाही.

घरातले कोणी मोठ्याने वाचून दाखवणार असेल तर याहून उत्तम सोय नाही. इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकणारी नातवंडे मराठी अडखळत वाचतात, आणि तो अडखळता वेग विणणाऱ्याला बरोबर पुरतो. मराठी श्राव्य पुस्तके मोबाइलवर मिळतात, तीही चालतात. फक्त इअरफोनची वायर आणि लोकर एकाच बाजूला येऊ देऊ नये.

पुस्तक वाचनालयाचे असेल तर परत करण्याची तारीख सुट्टीच्या आत येत नाही ना, ते पाहून घ्यावे. सणाच्या दिवशी वाचनालय बंद असते.

६. बैठक लावणे

पुस्तक मांडीवर ठेवून विणता येत नाही. मान वाकते आणि पाने मिटतात. ज्ञानेश्वरी किंवा गुरुचरित्र ठेवायचे घडीचे लाकडी व्यासपीठ बहुतेक घरांत असते. ते स्टुलावर, छातीच्या किंचित खाली येईल अशा उंचीवर ठेवावे. (पोथीच्या व्यासपीठावर कादंबरी ठेवायला घरातल्या मोठ्यांची हरकत असेल तर स्वयंपाकघरातले ताट ठेवण्याचे स्टँडही चालते.) पाने उघडी राहावीत म्हणून वर आडवी लोखंडी फूटपट्टी ठेवावी. कपड्यांचे चिमटे वाचनालयाच्या पुस्तकाला लावू नयेत, पाने दुमडतात.

प्रकाश डाव्या खांद्यावरून यावा. लोकरीचा गुंडा पायाशी, उभट पातेल्यात किंवा कापडी पिशवीत ठेवावा, म्हणजे तो घरभर पळत नाही आणि मांजरालाही मोह होत नाही. चहाचा कप लोकरीच्या विरुद्ध बाजूला.

७. मफलर सुरू करणे

सोमवारी सकाळी, पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवून, हे काम करावे.

अंगठ्याच्या पद्धतीने टाके घालताना मोकळे टोक किती सोडायचे याचा अंदाज चुकतो आणि पंचविसाव्या टाक्यावर लोकर संपते. रुंदीच्या तिप्पट अधिक एक वीतभर हा हिशेब पुरतो: १५ सेंटिमीटरसाठी सुमारे ६५ सेंटिमीटर. हात आवळून घट्ट टाके घालणाऱ्यांनी एक नंबर जाड सुईवर घालावेत आणि पहिल्या ओळीत नेहमीच्या सुईवर घ्यावेत.

पहिल्या वीस ओळी पाहूनच विणाव्यात. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता, लोकर पुढे ठेवून, उलट टाक्यासारखा नुसता उजव्या सुईवर घ्यावा आणि मग लोकर दोन सुयांच्या मधून मागे न्यावी. याने कड साखळीसारखी सरळ येते, आणि खाली सांगितलेला मोठा दोषही टळतो.

तो दोष असा. मी पहिल्यांदा पुस्तक समोर ठेवून विणायला बसले तेव्हा तीन प्रकरणांनंतर मफलर मला जरा भरल्यासारखा वाटला. मोजले तर ३० चे ३७ टाके झाले होते. ओळ उलटताना लोकर सुईच्या खालून न येता वरून मागे जात होती. त्यामुळे कडेच्या टाक्याचे दोन्ही पाय ओढून सुईवर चढत होते आणि एका टाक्याचे दोन दिसत होते. मी ते दोन्ही विणत गेले. नजर पुस्तकात असल्यावर बोटांना हा फरक कळत नाही. तेव्हापासून ओळ उलटली की डाव्या तर्जनीने पहिला टाका चाचपण्याची सवय मी लावून घेतली आहे: एकच पाय हाताला लागला पाहिजे.

वीस ओळी झाल्यावर पुढच्या बाजूला एक सेफ्टी पिन अडकवावी. दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या या विणीत सुलट बाजू कोणती, हे नंतर ओळखता येत नाही.

तपासणी: टाके ३०. कड सरळ. पिन लावली. यापुढेच पुस्तक आणावे.

८. न पाहता विणणे

लगेच वाचायला घेऊ नये. आधी चार ओळी खिडकीबाहेर पाहत विणाव्यात, मग चार ओळी डोळे मिटून. उजव्या सुईचे टोक टाक्यात शिरले की नाही, हे डाव्या हाताच्या बोटाला कळले पाहिजे. ते कळेपर्यंत पुस्तकाला वेळ आहे, आणि साधारण तासाभरात कळते.

त्यानंतर रोज संध्याकाळी दोन तास असे बसावे. दिवसाला १०४ ओळी, म्हणजे २६ सेंटिमीटर. पाच संध्याकाळींत मफलर पूर्ण. ओळी मोजत बसू नये, रोज टेपने लांबी पाहावी. मोजताना मफलर टेबलावर पसरून मोजावा. सुईला लोंबकळत ठेवून मोजला की दोन-तीन सेंटिमीटर फुकट जास्त दिसतात.

पुस्तकातली खूण म्हणून एक कागदी पट्टी ठेवावी आणि तिच्यावर प्रत्येक प्रकरण संपल्यावर तीन गोष्टी लिहाव्यात: पान, मफलरची लांबी, टाक्यांची संख्या. प्रकरण संपले की टाके मोजायचे, हा या सगळ्या रीतीचा कणा आहे. प्रकरण संपायला अर्धा तास लागतो; तेवढ्यात झालेली चूक पंचवीस ओळींच्या आत असते आणि ती दुरुस्त करता येते. ‘आणखी एक प्रकरण वाचून मग मोजू’ असे म्हटले की पन्नास ओळी उसवाव्या लागतात.

दिवसाचे काम थांबवताना बोथट सुईत सुती दोरा ओवून तो सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून काढून ठेवावा. उद्या काही बिघडले तर तेथपर्यंत बिनधास्त उसवता येते, एकही टाका खाली पळत नाही. दोरा सुईच्या वेढ्यातून नव्हे, टाक्यांतून गेला आहे ना, ते पाहावे.

टाका निसटला तर घाबरून लोकर ओढू नये. निसटलेला टाका सेफ्टी पिनेत अडकवून ओळ पूर्ण करावी, पुस्तक मिटावे आणि मग क्रोशाच्या सुईने तो आडव्या धाग्यांवरून एकेक पायरी वर आणावा. दोन्ही बाजूंनी सुलट विणीत हे करताना एक पायरी पुढून आणि एक मागून घ्यावी लागते. सगळ्या पुढूनच घेतल्या तर तेवढाच उभा पट्टा गुळगुळीत दिसतो.

नवा गुंडा नेहमी कडेला जोडावा. मधेच गाठ आली, आणि कारखान्यातल्या गुंड्यातही गाठ असते, तर ती ओळ कडेपर्यंत उसवून लोकर तेथून बदलावी.

सावधान: अर्ध्या ओळीत उठू नये. दार वाजले, दूध उतू जातेय, कुकरची शिट्टी झाली, काहीही झाले तरी ओळ संपवून उठावे. अर्ध्यावर ठेवलेले काम परत हातात घेताना दिशा चुकते आणि दोन ओळींचा एक तिरका खड्डा पडतो. अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून बोटे झटकावीत आणि समोरच्या घराच्या कौलांकडे मिनिटभर पाहावे.

९. टोपी: सकाळच्या उजेडात, पुस्तकाशिवाय

मंगळवार ते शुक्रवार रोज सकाळी एक तास टोपीला द्यावा. पुढील माप सुमारे ५४ सेंटिमीटर घेराच्या डोक्याचे आहे.

१० नंबरच्या सुईवर १०६ टाके घालावेत. मोकळे टोक १६० सेंटिमीटर सोडावे. सुलट बाजूला दोन सुलट, दोन उलट असे करत शेवट दोन सुलटांवर येतो. परतीच्या ओळीची सुरुवात दोन उलटांनी करावी आणि शेवटही दोन उलटांवर. परतीलाही सुलटांनी सुरुवात केली की काठाच्या उभ्या रेघा मोडतात. तिसऱ्या ओळीनंतर काठ बोटांत ताणून पाहिले की ही चूक लगेच दिसते.

काठ ५ सेंटिमीटर झाल्यावर ८ नंबरच्या सुया घेऊन एक ओळ सुलट, एक उलट असे एकूण उंची १३ सेंटिमीटर होईपर्यंत विणावे.

मग माथा. दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीसाठी राखून उरलेल्या १०४ टाक्यांचे १३-१३ चे आठ भाग करावेत आणि प्रत्येक भागाच्या शेवटी रंगीत दोऱ्याचा वेढा सुईवर घालावा. सुलट ओळीत प्रत्येक वेढ्याच्या आधीचे दोन टाके एकत्र विणायचे. उलट ओळ साधी. प्रत्येक घटीत आठ टाके कमी होतात: ९८, ९०, ८२, ७४, असे. बाराव्या घटीला १० टाके उरले पाहिजेत. हे आकडे आधीच कागदावर लिहून प्रत्येक घटीनंतर खूण करावी. मधेच आकडा जुळला नाही तर पुढे जाऊन ‘जमवून’ घेऊ नये. माथा एका बाजूला पिळतो आणि डोक्यावर घातल्यावर सगळ्यांना दिसतो.

शेवटची उलट ओळ झाल्यावर ५० सेंटिमीटर लोकर ठेवून कापावी, बोथट सुईने दहाही टाक्यांतून ओवून घट्ट ओढावी आणि त्याच धाग्याने पाठीची शिवण घालावी. काठाच्या रेघा शिवणीत एकमेकींसमोर आल्या पाहिजेत.

१०. टाके बंद करणे, धुणे, वाळवणे

मफलर शुक्रवारी रात्री १३० सेंटिमीटरला पोचतो. टाके मात्र शनिवारी उजेडात बंद करावेत, आणि एक नंबर जाड सुईने, म्हणजे ७ नंबरच्या. नाहीतर शेवटची कड आवळून सुरुवातीच्या कडेपेक्षा अरुंद होते. टाके बंद करण्याआधी लोकर किती उरली ते पाहावे: रुंदीच्या तिप्पट-चौपट तरी हवी.

धाग्यांची टोके विणीत किमान सात-आठ सेंटिमीटर आडवी ओवून मग कापावीत. गाठ मारून कापलेले टोक दोन धुण्यांनंतर बाहेर येते.

धुताना कोमट पाणी आणि थोडा सौम्य साबण. पिळायचे नाही, दोरीवर टांगायचे नाही. जुन्या टॉवेलवर मापाप्रमाणे सपाट पसरून पंख्याखाली ठेवावे. ऑक्टोबरमध्ये बेळगावची हवा अजून दमट असते, आणि खानापूर, जांबोटीकडे त्याहून जास्त. पूर्ण वाळायला दीड-दोन दिवस लागतात. वरून कोरडा वाटला तरी घडीच्या आत ओल राहते आणि कपाटात कुबट वास धरतो, म्हणून खालचा टॉवेल एकदा बदलून मफलर उलटा करावा. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री कधीही ठेवू नये. वीण चपटी होते आणि पुन्हा फुलत नाही.

मफलर वाळत असतानाचा रविवार कादंबरीच्या उरलेल्या पानांसाठी मोकळा ठेवावा. शेवटची तीस-चाळीस पाने सुयांशिवाय वाचायची, हे आधीच हिशेबात धरलेले असावे.

गुंड्यावरचा कागद, उरलेली लोकर आणि नमुन्याचा तुकडा एका पिशवीत घालून त्यावर सुईचा नंबर लिहून ठेवावा. पुस्तक परत करण्यापूर्वी पाने झटकावीत, कारण शिवणीपाशी लोकरीचे तंतू अडकलेले असतात. कागदी पट्टी मात्र पुस्तकातून काढून पिशवीत टाकावी. पुढच्या मफलरचा वेग तिच्यावरूनच काढायचा आहे.